जे-१ व्हिसा: दोन वर्षांची अट, वेव्हर आणि पुढे राहण्याचे रस्ते

जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, ‘तुला दोन वर्षं भारतात परत जावं लागणार.’ सांगणारा बहुतेक वेळा जुन्या माहितीवर बोलत असतो. डिसेंबर २०२४ नंतर भारतीयांपैकी बऱ्याच जणांना ही अट मुळात लागूच राहिलेली नाही. उलट ज्यांना ती खरोखर लागू आहे, विशेषतः रेसिडेन्सी करणारे डॉक्टर आणि सरकारी फेलोशिपवाले, त्यातले काही जण ‘बघू पुढे’ म्हणत शेवटचं वर्ष येऊ देतात. म्हणून आधी स्वतःचे कागद वाचा आणि मगच वेव्हरच्या, म्हणजे अटीतून माफीच्या, मागे लागा. या कामात जे अडकतात ते बहुधा नियम कडक म्हणून अडकत नाहीत. पायऱ्यांचा क्रम चुकतो म्हणून अडकतात.

अट नेमकी काय अडवते

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१२(ई) म्हणजेच ही दोन वर्षांची अट. कार्यक्रम संपवून अमेरिका सोडल्यावर आपल्या देशात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहणं पूर्ण होत नाही, तोवर काही गोष्टी मिळत नाहीत: एच व्हिसा (नोकरीचा एच-१बी आणि कुटुंबीयांचा एच-४ दोन्ही), कंपनीअंतर्गत बदलीचा एल व्हिसा, अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरल्यावर मिळणारा के व्हिसा आणि ग्रीन कार्ड. शिवाय अमेरिकेत बसल्या बसल्या जे-१ मधून दुसऱ्या स्टेटसमध्ये जाता येत नाही. मुत्सद्दी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांचे व्हिसा असे थोडेच अपवाद आहेत.

अट काय अडवत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. भारतात येऊन वकिलातीतून एफ-१ (विद्यार्थी) किंवा ओ-१ (असामान्य गुणवत्तेचा) व्हिसा घेता येतो. पर्यटक व्हिसा मागता येतो. ग्रीन कार्डाची पहिली पायरी असलेला आय-१४० अर्जही भरता येतो. अडतं ते त्यापुढच्या आय-४८५ पाशी, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाच्या अर्जापाशी.

जोडीदार आणि मुलं जे-२ वर असतील तर अट त्यांनाही चिकटते आणि तुम्हाला वेव्हर मिळाला की त्यांचीही सुटते. घटस्फोट झाला, जे-१ धारकाचा मृत्यू झाला किंवा मूल २१ वर्षांचं झालं, तर जे-२ व्यक्तीला परराष्ट्र खात्याकडे स्वतंत्रपणे दाद मागता येते.

दोन वर्षं सलग असावी लागत नाहीत, तुकड्यांची बेरीज चालते. कार्यक्रम संपवून कोणी नागपूरला १४ महिने राहिलं, मग सिंगापूरला नोकरीला गेलं, तर परत आल्यावर १० महिने उरतात. सिंगापूरचे महिने त्यात मोजले जात नाहीत. दुबईत कामाच्या व्हिसावर काढलेला काळही नाही. पुरावा म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, नोकरीची पत्रं, भाडेकरार आणि आयकर विवरणपत्रं जपून ठेवावीत.

डीएस-२०१९ कसा वाचायचा

डीएस-२०१९ म्हणजे कार्यक्रम चालवणारी (स्पॉन्सर) संस्था देते तो जे-१ चा मूळ कागद. आतापर्यंतचे सगळे डीएस-२०१९ टेबलावर मांडा, फक्त चालू नको. शेजारी व्हिसाचा स्टिकर ठेवा.

डीएस-२०१९ च्या पहिल्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने तिथे खूण केलेली असते: अट लागू नाही, किंवा लागू आहे आणि त्याचं कारण ए, बी किंवा सी. ए म्हणजे सरकारी पैसा, बी म्हणजे स्किल्स लिस्ट, सी म्हणजे डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण. व्हिसाच्या स्टिकरवर खाली बारीक अक्षरांत ‘टू इयर रूल डज अप्लाय’ किंवा ‘डज नॉट अप्लाय’ असं छापलेलं असतं. या दोन्ही नोंदी प्राथमिक असतात. अधिकाऱ्याच्या हातून त्या चुकतात, कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या. ‘डज नॉट’ छापलंय म्हणून निश्चिंत होऊ नका आणि ‘डज’ छापलंय म्हणून हातपायही गाळू नका.

आता कारणं एकेक करून तपासा.

स्किल्स लिस्ट. आपल्या देशाला अमुक क्षेत्रातल्या माणसांची गरज आहे, अशी देशवार यादी अमेरिकन परराष्ट्र खातं ठेवतं. २००९ च्या यादीत भारताच्या नावापुढे विज्ञान-अभियांत्रिकीतली बरीच क्षेत्रं होती, त्यामुळे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारे बहुतेक भारतीय तिच्यात सापडत. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीत भारत नाहीच. चीन, दक्षिण कोरिया, ब्राझील वगैरे देशही तेव्हाच वगळले गेले. हा बदल पूर्वलक्षी आहे, म्हणजे २०१४ साली जे-१ वर गेलेल्या आणि केवळ स्किल्स लिस्टमुळे अडकलेल्या माणसालाही तो लागू होतो. त्या चौकटीत फक्त ‘बी’ वर खूण असेल आणि बाकी दोन कारणं खरोखरच नसतील, तर तुम्हाला वेव्हरची गरज नाही. आजही असे लोक विनाकारण नोरीच्या, म्हणजे भारत सरकारच्या ना-हरकत पत्राच्या, रांगेत उभे राहतात.

सरकारी पैसा. इथे बघायची ती डीएस-२०१९ ची पाचवी चौकट. त्यात पैसा कुणाचा याच्या वेगवेगळ्या ओळी असतात: स्पॉन्सर संस्था, अमेरिकन सरकारची संस्था, पाहुण्याच्या देशाचं सरकार, द्विराष्ट्रीय आयोग, इतर संस्था, स्वतःचा पैसा. अमेरिकन सरकार, भारत सरकार किंवा द्विराष्ट्रीय आयोग यांपैकी एका ओळीत जरी आकडा असला तरी अट लागू होण्याची शक्यता मोठी. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप दोन्ही सरकारांच्या पैशातून चालते, त्यामुळे तिथे शंकेला जागाच नाही. कार्यक्रम क्रमांक ‘पी’ ऐवजी ‘जी’ ने सुरू होत असेल तर तो सरकारी कार्यक्रम आहे असं समजा.

मात्र प्रयोगशाळेच्या प्रमुखाला एनआयएच किंवा एनएसएफ या अमेरिकन सरकारी संस्थांचं संशोधन अनुदान आहे आणि त्यातून विद्यापीठ तुम्हाला पगार देतं, एवढ्यावरून सहसा हा नियम लागत नाही. पैसा आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी म्हणून दिलेला असावा लागतो. अशा वेळी विद्यापीठाच्या कार्यालयाने चुकून तो पगार ‘अमेरिकन सरकारी संस्था’ या ओळीत टाकला असेल, तर ती चूक नंतर फार महागात पडते. नवा डीएस-२०१९ हातात आल्याबरोबर ही ओळ वाचा आणि चूक असेल तर सही करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

डॉक्टर. परदेशी डॉक्टरांना जे-१ साठी स्पॉन्सर करणाऱ्या इसीएफएमजी या संस्थेमार्फत रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) किंवा क्लिनिकल फेलोशिप केली की अट आपोआप लागू होते. स्किल्स लिस्टमधल्या बदलाचा इथे काहीही उपयोग नाही. रुग्णांना हात न लावता निव्वळ संशोधनासाठी आलेल्या डॉक्टरची गोष्ट वेगळी, त्याला हे तिसरं कारण लागत नाही.

जुन्या डीएस-२०१९ कडे दुर्लक्ष होतं आणि तिथेच घात होतो. २०१५ ची नऊ महिन्यांची फुलब्राइट आणि २०२२ ची विद्यापीठाच्या पैशावरची पोस्टडॉक अशी दोन प्रकरणं असतील, तर दुसऱ्याने पहिलीची अट पुसली जात नाही.

शंका राहिलीच तर परराष्ट्र खात्याच्या वेव्हर विभागाकडून अ‍ॅडव्हायजरी ओपिनियन, म्हणजे अट लागू आहे की नाही याचं मत, मागवा. त्याला फी नाही. सगळ्या डीएस-२०१९ च्या प्रती आणि पैसा कुठून आला याचं थोडक्यात निवेदन पाठवायचं. स्टिकरवर ‘डज अप्लाय’ असून नव्या यादीमुळे तुम्ही सुटला असाल, तर हे मत हाताशी असलेलं बरं. एच-१बीच्या अर्जासोबत ते जोडलं की युएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकन इमिग्रेशन खात्याचा, अधिकारी स्टिकर बघून प्रश्न विचारत बसत नाही.

दोन ‘दोन वर्षं’ आणि त्यांचा गोंधळ

जे-१ मधल्या रिसर्च स्कॉलर आणि प्रोफेसर या वर्गांना आणखी एक २४ महिन्यांचा नियम आहे आणि त्याचा २१२(ई)शी काडीचाही संबंध नाही. या वर्गांची कमाल मुदत पाच वर्षं. पण तुम्ही आठ महिन्यांतच परत आलात आणि सेव्हिस या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद बंद झाली, तर उरलेली चार वर्षं चार महिने गेले. त्यानंतर २४ महिने रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून परत येता येत नाही. ते २४ महिने भारतातच काढायची सक्ती नाही, जर्मनीत काढले तरी चालतात आणि एच-१बीवर यायलाही आडकाठी नाही. उलट २१२(ई)चा वेव्हर मिळाला म्हणून हा २४ महिन्यांचा नियम टळत नाही.

याचा धाकटा भाऊ म्हणजे १२ महिन्यांचा नियम. मागच्या १२ महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त काळ कोणत्याही जे स्टेटसमध्ये, अगदी जे-२ वरही, राहिला असाल, तर लगेच रिसर्च स्कॉलर म्हणून सुरुवात करता येत नाही. विद्यापीठ बदलायचं असेल तर परत जाऊन नवा डीएस-२०१९ काढण्याऐवजी ट्रान्सफर करून घ्या, मग दोन्ही नियम आड येत नाहीत. काम सहा महिन्यांच्या आतलं असेल तर शॉर्ट-टर्म स्कॉलर हा वर्ग मागावा. त्यानंतर २४ महिन्यांची बंदी लागत नाही.

विम्याचा मुद्दाही इथेच उरकतो. प्रत्येक आजारपणाला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५०,००० डॉलर, मृतदेह पाठवायला २५,००० डॉलर आणि स्वतःच्या खिशातला वाटा ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही, एवढं कव्हर तुम्हाला आणि जे-२ कुटुंबाला पूर्ण काळ हवंच. भारतातून घेतलेली स्वस्त प्रवासी पॉलिसी यात बसतेच असं नाही. मुद्दाम विमा न घेतल्यास स्पॉन्सरला कार्यक्रम संपुष्टात आणावाच लागतो, आणि स्टेटसच गेलं तर वेव्हर हाती असूनही अमेरिकेत बसून स्टेटस बदलता येत नाही.

वेव्हरचे पाच रस्ते

रस्ते पाच आहेत: आपल्या सरकारची हरकत नसल्याचं पत्र, एखाद्या अमेरिकन सरकारी संस्थेची शिफारस, छळाची भीती, कुटुंबावर येणारं असामान्य संकट आणि डॉक्टरांसाठी कॉनराड ही राज्यांमार्फत चालणारी योजना. सगळ्यांची सुरुवात एकाच फॉर्मपासून होते, डीएस-३०३५.

हा फॉर्म ऑनलाइन भरला की केस नंबर मिळतो आणि बारकोड असलेली पानं तयार होतात. ती छापून, १२० डॉलरच्या फीसह आणि पासपोर्टचं माहितीचं पान, सगळे डीएस-२०१९ व माफी का हवी याचं निवेदन जोडून सूचनेत दिलेल्या पत्त्यावर पाठवायची. पाकिटात कुठलंही पान घालण्याआधी त्यावर केस नंबर लिहा. छापलेल्या पानांत एक ‘थर्ड पार्टी बारकोड पेज’ असतं. तुमच्याऐवजी जो कोणी पत्र पाठवणार आहे, म्हणजे दूतावास किंवा राज्याचं आरोग्य खातं, त्याच्या पत्राच्या वर हे पान लागायला हवं. ते नसेल तर पत्र पोचतं, पण तुमच्या फाइलला जोडलं जात नाही आणि वेबसाइटवर आठवडेच्या आठवडे ‘पत्र मिळालेलं नाही’ असंच दिसत राहतं.

परराष्ट्र खातं फक्त शिफारस करतं. अंतिम मंजुरी युएससीआयएसची असते आणि ती आय-७९७ या नोटिशीने येते.

नोरी: भारताची हरकत नसल्याचं पत्र

आपल्याकडे याला नोरी म्हणतात, ‘नो ऑब्लिगेशन टू रिटर्न टू इंडिया’. डॉक्टरांचं प्रशिक्षण सोडून इतर प्रकरणांत सगळ्यात वापरातला रस्ता हाच, पण वेळखाऊ. कारण भारत सरकार एकच कागद देत नाही, त्यामागे तीन ना-हरकती असतात: केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा उच्च शिक्षण विभाग, तुमच्या राज्याचा गृह विभाग (आपल्या बाबतीत मंत्रालय, मुंबई) आणि पासपोर्ट कार्यालय. तिन्ही हातात आल्या की अमेरिकेतलं भारतीय मिशन (दूतावास किंवा वाणिज्य दूतावास) हरकत नसल्याचं पत्र थेट वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे पाठवतं. ते पत्र तुम्ही स्वतः पाठवलंत तर ग्राह्य धरलं जात नाही.

क्रम असा ठेवावा:

१. आधी डीएस-३०३५ भरून केस नंबर घ्या. नोरीच्या कागदांत तो लागतो.

२. मिशनच्या सूचनेप्रमाणे अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तयार करा. आपल्यावर सरकारचं देणं किंवा बाँड नाही, हे प्रतिज्ञापत्रात येतं. सरकारी महाविद्यालयातून किंवा संशोधन संस्थेतून अभ्यासरजेवर गेला असाल तर आधी बाँडचा हिशेब मिटवून मालकाचं पत्र घ्या. तो मिटल्याशिवाय हे प्रतिज्ञापत्र खरं ठरत नाही.

३. तिन्ही ना-हरकतींचं काम एकाच वेळी सुरू करा. एक आली की दुसरी, असं करत बसलात तर वर्ष जातं.

४. राज्याच्या ना-हरकतीसाठी कायमच्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते. पासपोर्टवर दादरचा पत्ता आणि आईवडील आता डोंबिवलीला राहतात, अशी परिस्थिती असेल तर अर्जात दोन्ही पत्ते स्पष्ट लिहा आणि घरच्यांना कल्पना देऊन ठेवा. हवालदार दारात आला आणि शेजाऱ्याने ‘इथे कुणी राहत नाही’ म्हटलं, की फाइल परत जाते.

५. पासपोर्ट अमेरिकेत नूतनीकरण केला असेल तर जुन्या पासपोर्टची पानंही जोडा.

नावांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मराठी माणसांच्या फाइली इथे हमखास अडतात. आपल्याकडे पासपोर्टमध्ये ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, डीएस-२०१९ वर मधलं नाव गळालेलं असतं. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट नवऱ्याच्या नावावर आणि शोधनिबंध तिसऱ्याच नावावर. सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचं प्रमाणपत्र पहिल्याच पाकिटात घाला. मागितल्यावर पाठवलं तर फेरी वाढते.

नोरी कुठे चालत नाही? पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणावर आलेल्या डॉक्टरांना हा मार्ग अमेरिकन कायद्यानेच बंद आहे. फुलब्राइटसारख्या अमेरिकन सरकारी पैशाच्या प्रकरणांत पत्र देता येतं, पण परराष्ट्र खातं सहसा शिफारस करत नाही. तिथे उगाच आशेवर राहण्यात अर्थ नाही. पैसा भारत सरकारचा असेल तर तो देणाऱ्या खात्याचीही ना-हरकत काढून ठेवा.

साध्या नोरी प्रकरणाला वकील लागतोच असं नाही. चिकाटी आणि मुंबईत मंत्रालयात जाऊन चौकशी करील असं एखादं माणूस मात्र लागतं.

असामान्य संकट आणि छळ

संकटाच्या आधारावर अर्ज करायचा तर तुमचा जोडीदार किंवा मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवं. संकट तुमच्यावर येऊन उपयोग नाही, त्यांच्यावर यायला हवं. इथे डीएस-३०३५ सोबत युएससीआयएसकडे आय-६१२ भरावा लागतो.

बहुतेक अर्ज पडतात ते अर्धाच मुद्दा मांडल्यामुळे. दोन्ही चित्रं दाखवावी लागतात: कुटुंब तुमच्याबरोबर दोन वर्षं भारतात आलं तर काय संकट, आणि ते अमेरिकेत थांबून तुम्ही एकटे गेलात तर काय संकट. ‘मुलाला मराठी येत नाही’, ‘पगार कमी होईल’, ‘ताटातूट होईल’ एवढ्यावर भागत नाही, कारण अशी ताटातूट कायद्याने गृहीतच धरली आहे. मुलाचे चालू उपचार, विशेष शिक्षणाचा आराखडा, जोडीदाराच्या आधीच्या लग्नातल्या मुलाच्या ताब्याचा कोर्टाचा आदेश (ज्यामुळे ते मूल देशाबाहेर नेता येत नाही), गंभीर आजाराची कागदपत्रं यांना वजन असतं. इथे मात्र अनुभवी वकिलाशिवाय हात घालू नये.

छळाच्या आधारात तीनच कारणं चालतात: वंश, धर्म आणि राजकीय मत. आश्रय मागताना चालणारी इतर कारणं इथे चालत नाहीत.

आणि एक गैरसमज कायमचा काढून टाका. अमेरिकन नागरिकाशी लग्न केल्याने किंवा मूल तिथे जन्मल्याने २१२(ई) सुटत नाही. लग्नामुळे फार तर संकटाचा अर्ज करण्याचं दार उघडतं.

डॉक्टरांसाठी: कॉनराड आणि त्याच्या आसपास

जे-१ वर येताना भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ घेतलेलं असतं. म्हणजे ‘या विषयाचे डॉक्टर आम्हाला हवेत, हे परत येतील’ असं आपल्याच सरकारने लिहून दिलेलं असतं. त्यामुळे डॉक्टरांचा खरा रस्ता अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या टंचाईतून जातो.

नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने १९९४ पासून चालत आलेल्या या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० वेव्हरची शिफारस करता येते. हे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. योजनेची मुदत अमेरिकन संसद वेळोवेळी वाढवत असते, म्हणून अर्जाच्या वर्षी ती चालू आहे ना ते पाहावं. मुख्य अटी:

• टंचाईग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या भागात किंवा लोकसंख्येसाठी, एच-१बीवर, किमान तीन वर्षं काम. आठवड्याला किमान ४० तास.
• वेव्हर मिळाल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करण्याची तयारी.
• ३० पैकी १० जागा राज्य ‘फ्लेक्स’ म्हणून देऊ शकतं. दवाखाना टंचाईच्या भागात नसला तरी तिथे येणारे रुग्ण त्या भागातले असतील तर त्या वापरतात.

हे एच-१बी वार्षिक कोट्याबाहेर असतं, लॉटरीची भानगड नाही.

करार वाचताना दोन कलमं बारकाईने बघा. पहिलं, तीन वर्षांनंतर त्याच भागात दुसरीकडे काम करायला बंदी घालणारं कलम. असं कलम असेल तर अर्ज अडतो. दुसरं, मुदत. करारात ‘कधीही, कारण न देता ९० दिवसांच्या सूचनेवर संपवता येईल’ असं असेल तर काही राज्यं आक्षेप घेतात. आक्षेप आला नाही तरी त्यात धोका तुमचा. तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत तर दोन वर्षांची अट पुन्हा डोक्यावर बसते. दवाखाना बंद पडला अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने दुसरीकडे जाऊन उरलेला काळ भरता येतो, पण त्यासाठी मंजुरी लागते.

वेळापत्रक मागून मोजत या. रेसिडेन्सी ३० जूनला संपणार असेल तर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे सुमारे वर्षभर आधी, नोकरीचा शोध सुरू हवा आणि सप्टेंबरपर्यंत सही केलेला करार हातात हवा. कित्येक राज्यं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच अर्ज घेतात, मागणी असलेल्या राज्यांत जागा भराभर संपतात. प्रत्येक राज्याचं प्राधान्यही वेगळं: कुठे फॅमिली मेडिसिन आणि मानसोपचार आधी, कुठे कार्डिओलॉजिस्टला दारच बंद. राज्याची शिफारस, मग परराष्ट्र खातं, मग युएससीआयएस, मग एच-१बी, अशा चार टप्प्यांना महिने लागतात. शेवटच्या टप्प्यात प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा फी भरून, १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं, आधीच्या टप्प्यांत ती सोय नाही.

राज्याच्या जागा संपल्या तर इतर दारं आहेत. आरोग्य खातं, म्हणजे एचएचएस, प्राथमिक उपचार आणि मानसोपचारातल्या डॉक्टरांसाठी शिफारस करतं. त्याला ३० ची मर्यादा नाही, पण टंचाईचा स्कोअर ७ किंवा जास्त हवा आणि प्रशिक्षण संपून १२ महिन्यांच्या आत काम सुरू व्हायला हवं. माजी सैनिकांच्या रुग्णालयांना टंचाईच्या भागाची अट नाही. अ‍ॅपलेशियन आणि मिसिसिपी डेल्टा भागांसाठी वेगळे प्रादेशिक आयोग आहेत. एका वेळी एकाच संस्थेमार्फत अर्ज करता येतो. दोन ठिकाणी टाकून ठेवू नका, एकाच वेळी दुसरी विनंती केलेली नाही असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

पुढे ग्रीन कार्डासाठी टंचाईच्या भागात एकूण पाच वर्षं काम करणाऱ्या डॉक्टरांना राष्ट्रीय हिताची सवलत मिळते. कॉनराडची तीन वर्षं त्या पाचांत धरली जातात.

अट नसेल किंवा सुटली असेल तर पुढे काय

विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या कोट्याबाहेर असतात, तिथे वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. खासगी कंपनी असेल तर मार्चमधली नोंदणी आणि १ ऑक्टोबरची सुरुवात. एफ-१ विद्यार्थ्यांना मधल्या काळासाठी जी आपोआप मुदतवाढ मिळते ती जे-१ ला नाही. कार्यक्रमानंतर फक्त ३० दिवस मिळतात आणि त्यात काम करता येत नाही.

२१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचा भार आला. अमेरिकेत राहून केलेल्या आणि मंजूर झालेल्या स्टेटस बदलाला तो लागू नाही, असं युएससीआयएसने नंतर स्पष्ट केलं. मूळ घोषणा १२ महिन्यांसाठी होती, तेव्हा अर्जाच्या दिवशी काय चालू आहे ते तपासाच. पण यातून एक गोष्ट पक्की झाली: जे-१ वर असताना, देश न सोडता एच-१बीत जाता येणं आता लाखमोलाचं आहे, अगदी शब्दशः. अर्ज चालू असताना गणपतीला घरी जाऊन येण्याचा मोह टाळा. देश सोडला की स्टेटस बदलाची विनंती सोडून दिल्याचं धरलं जातं.

ओ-१ हा संशोधकांचा दुसरा रस्ता. अट असतानाही तो मिळतो, पण भारतात येऊन वकिलातीतूनच. त्यावर कितीही वर्षं राहिलात तरी २१२(ई) तशीच राहते.

ग्रीन कार्डाचा आय-१४० लवकर भरण्यात शहाणपण आहे, कारण भारतात जन्मलेल्यांची रांग प्रचंड आहे. २०२५ मध्ये उच्च पदवीधरांच्या ईबी-२ वर्गात २०१२-१३ च्या आसपास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. रांगेतला नंबर अर्जाच्या दिवशी लागतो, वेव्हरची वाट बघावी लागत नाही. फक्त जे-१ व्हिसा परतण्याच्या हेतूवर दिला जातो. पासपोर्टमधला स्टिकर संपत आला असेल आणि भारतात येऊन नवा घ्यायचा असेल, तर आधी स्टिकर घ्या आणि मग आय-१४० भरा.

क्रम चुकला की

वेव्हरची शिफारस झाली की जे-१ कार्यक्रमाला मुदतवाढ मिळत नाही. हातातल्या डीएस-२०१९ च्या तारखेपर्यंतच राहता येतं. रिसर्च स्कॉलरची पाच वर्षं असताना वर्षावर्षाचा डीएस-२०१९ घेत राहिलात आणि दुसऱ्याच वर्षी वेव्हर मंजूर झाला, तर तिसरं वर्ष गेलं. म्हणून वेव्हरच्या अर्जाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला शक्य तितक्या लांबच्या तारखेचा डीएस-२०१९ द्यायला सांगा, आणि एच-१बी द्यायला विभाग तयार आहे का ते लेखी विचारून ठेवा. ज्यांना अजून एकदा जे-१ वर फेलोशिप करायची आहे अशा डॉक्टरांनी तर ती पूर्ण होत येईपर्यंत वेव्हरला हात लावू नये.

वेव्हर मिळाल्यावर आय-७९७ ची मूळ प्रत, परराष्ट्र खात्याचं शिफारसपत्र आणि सगळ्या डीएस-२०१९ चे रंगीत स्कॅन दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा भारतातली असू द्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत तुमचा नंबर दहा-बारा वर्षांनी आला, तरी आय-४८५ च्या वेळी हेच कागद पुन्हा मागितले जातात. तोवर विद्यापीठातल्या त्या कार्यालयातली माणसंही बदललेली असतात.